क्वेरीचा वेळ जातो कुठे?

"सिस्टिम आज फार स्लो आहे." डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या कानावर सर्वांत जास्त वेळा पडणारी तक्रार हीच. ती बहुधा खरी असते, पण तिच्यात माहिती फारशी नसते. कोणतं काम रेंगाळलंय, कधीपासून, सगळ्यांचं की एकाच स्क्रीनवरचं, यातलं काहीच तिच्यातून कळत नाही. नवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मग मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड उघडतो. तिथे सीपीयू, मेमरी, कनेक्शन्स, कॅश हिट, दर सेकंदाच्या क्वेरी असे कितीतरी आकडे हलत असतात, आणि कुठून सुरुवात करावी तेच उमगत नाही.

या प्रकरणात त्या आकड्यांकडे बघायची एक रीत मांडायची आहे. क्वेरीला लागलेला वेळ दोनच गोष्टींचा बनलेला असतो: तिनं केलेलं काम आणि तिनं पाहिलेली वाट. समोरचा आकडा या दोनपैकी कशाबद्दल बोलतोय हे ओळखता आलं की पुढचा उपाय आपोआप निम्म्यावर येतो. काम जास्त असेल तर ते कमी करायचं. वाट पाहण्यात वेळ जात असेल तर कोणी अडवलंय ते शोधायचं. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पैसा खर्च होतो, दुखणं तसंच राहतं.

उदाहरणांसाठी पोस्टग्रेएसक्यूएल घेऊ. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या पोस्टग्रेस प्रकल्पातून हा डेटाबेस वाढला. १९९६ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. तो मोफत आहे आणि मोजमापाची बहुतेक साधनं त्याच्यासोबतच मिळतात, त्यामुळे शिकणाऱ्यासाठी सोयीचा आहे. मायएसक्यूएल किंवा ओरॅकल वापरणाऱ्यांनाही विचाराची हीच रीत लागू पडते. तिथे फक्त आकड्यांची नावं बदलतात.

सांगणारा एक, करणारा दुसरा

डेटाबेसमध्ये मोजमाप एवढं महत्त्वाचं का, याचं मूळ १९७० मध्ये आहे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी त्या वर्षी रिलेशनल मॉडेल मांडलं. माहिती हवी असलेल्यानं फक्त काय हवं ते सांगावं, ती डिस्कवर कुठे आहे आणि कोणत्या वाटेनं आणायची याची काळजी यंत्रणेनं वाहावी, हा त्याचा गाभा. पुढे आयबीएमच्याच सिस्टिम आर प्रकल्पात ही वाट निवडण्याची पद्धत उभी राहिली. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ती प्रसिद्ध केली. शक्य असलेल्या प्रत्येक वाटेचा अंदाजे खर्च काढायचा आणि सर्वांत स्वस्त वाट धरायची. आजच्या बहुतेक डेटाबेसमधला प्लॅनर याच विचारावर उभा आहे.

याचा परिणाम असा की क्वेरीतलं एक अक्षरही न बदलता तिची वाट बदलू शकते. काल १० मिलिसेकंदांत येणारं उत्तर आज १० सेकंद घेऊ शकतं, कारण मधल्या काळात टेबल वाढलं आणि प्लॅनरचा हिशेब फिरला. कोड वाचून हे दिसत नाही. ते मोजावंच लागतं.

आधी बेरीज बघा, मग सरासरी

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स नावाचं एक्स्टेन्शन आहे. सर्व्हर सुरू होतानाच ते लोड व्हावं लागतं, म्हणून कॉन्फिगरेशनमध्ये शेअर्ड-प्रीलोड-लायब्ररीजच्या ओळीत त्याचं नाव घालून सर्व्हर एकदा रिस्टार्ट करायचा आणि मग डेटाबेसमध्ये एक्स्टेन्शन तयार करायचं. त्यानंतर प्रत्येक प्रकारच्या क्वेरीचा हिशेब साठू लागतो: ती किती वेळा चालली, एकूण किती मिलिसेकंद लागले, सरासरी किती, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती, किती ओळी दिल्या, किती पानं हाताळली. क्वेरीतल्या प्रत्यक्ष किमती काढून टाकलेल्या असतात. ग्राहक क्रमांक ७ साठी आणि ग्राहक क्रमांक ७०० साठी चाललेली क्वेरी एकाच खात्यावर जमा होते.

हे टेबल उघडल्यावर नवखा माणूस ते सरासरी वेळेनुसार लावतो आणि सर्वांत वर दिसणाऱ्या क्वेरीमागे लागतो. इथेच वाट चुकते. समजा एक रिपोर्ट तासातून ३ वेळा चालतो आणि दर वेळी ८ सेकंद घेतो. तासाला २४ सेकंद झाले. दुसरी एक छोटी क्वेरी फक्त ४ मिलिसेकंद घेते, पण तासात ३ लाख वेळा चालते. तिचे १,२०० सेकंद झाले. म्हणजे सर्व्हरवरचा तिचा भार रिपोर्टच्या ५० पट आहे, आणि सरासरीच्या यादीत ती पहिल्या पानावरही दिसत नाही.

अशी क्वेरी बहुतेकदा अ‍ॅप्लिकेशनच्या एका ठरावीक सवयीतून येते. आधी एका क्वेरीनं यादी आणली जाते, आणि मग यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी वेगळी क्वेरी पाठवली जाते. प्रोग्रामर मंडळी याला 'एन प्लस वन' म्हणतात. इथे इंडेक्स लावून फारसं काही साधत नाही, कारण प्रत्येक क्वेरी आधीच चपळ आहे. तिची संख्या कमी करायला हवी, आणि ते काम अ‍ॅप्लिकेशनच्या टीमसोबत बसूनच होतं. म्हणून यादी नेहमी एकूण वेळेनुसार लावा. वरच्या पाच-दहा क्वेरींमध्येच बहुधा सर्व्हरचा बराचसा दिवस खर्च झालेला सापडतो.

यातून स्लो क्वेरी लॉगची मर्यादाही लक्षात येते. मायएसक्यूएलमध्ये तो लॉग सुरू केला तरी मुळात १० सेकंदांपेक्षा जास्त लागलेल्याच क्वेरी त्यात येतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अशी नोंद मुळात बंदच असते. ही मर्यादा एका सेकंदापर्यंत खाली आणली तरी ४ मिलिसेकंदांची ती क्वेरी लॉगमध्ये कधीच दिसणार नाही. लॉग हवाच, पण त्याच्या जोडीला बेरीजही हवी.

सरासरीच्या आड काय दडतं

आता वापरणाऱ्याच्या बाजूनं बघू. समजा १०० वेळा चाललेल्या क्वेरीत ९८ वेळा ५ मिलिसेकंद लागले आणि २ वेळा ३ सेकंद. सरासरी येते जवळपास ६५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात ६५ मिलिसेकंदांचा अनुभव एकालाही आलेला नाही. ९८ जणांना उत्तर लगेच मिळालं आणि दोघं ताटकळले.

म्हणून अनुभव मोजायला पर्सेंटाइल वापरतात. सगळे वेळ चढत्या क्रमानं लावले की मधला तो मीडियन. ९५ टक्के वेळा ज्याच्या आत काम झालं तो पी-९५, ९९ टक्के वेळा ज्याच्या आत झालं तो पी-९९. वरच्या उदाहरणात मीडियन ५ मिलिसेकंद, पी-९५ सुद्धा ५ मिलिसेकंद आणि पी-९९ मात्र ३ सेकंद. दुखणं फक्त शेवटच्या आकड्यात दिसतं.

शंभरातले दोघं म्हणून दुर्लक्ष करावं असं वाटू शकतं. पण एक स्क्रीन उघडताना समजा अशा २० क्वेरी चालतात. वीसच्या वीस क्वेरी वेळेत येण्याची शक्यता म्हणजे ०.९८ चा विसावा घात, साधारण ०.६७. म्हणजे दर तीनपैकी एका स्क्रीनला निदान एक तरी ३ सेकंदांची क्वेरी भेटणारच. क्वेरीच्या पातळीवर २ टक्के असलेलं दुखणं माणसाच्या पातळीवर ३३ टक्के होतं. अशा वेळी "सिस्टिम स्लो आहे" म्हणणारा माणूस बरोबर असतो आणि सरासरी दाखवणारा डॅशबोर्ड दिशाभूल करत असतो.

पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स पर्सेंटाइल देत नाही. ते अ‍ॅप्लिकेशनच्या मोजमापातून किंवा लॉगमधून काढावे लागतात. मात्र त्यात कमाल वेळ आणि प्रमाणित विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, असतं. विचलन सरासरीच्या कितीतरी पट असेल तर ती क्वेरी दोन वेगवेगळ्या तऱ्हेनं वागतेय असं समजा. तिथे थांबून चौकशी करायची.

पानं मोजा

संशयित क्वेरी हाती लागली की तिचं काम मोजायचं. पोस्टग्रेएसक्यूएल डिस्कवरची माहिती ८ किलोबाइटच्या पानांत ठेवतं. एखाद्या पानातली एकच ओळ हवी असली तरी अख्खं पान मेमरीत आणावं लागतं. त्यामुळे किती पानं हाताळली हे क्वेरीच्या मेहनतीचं सर्वांत प्रामाणिक माप आहे. सर्व्हरवर गर्दी असली की वेळ बदलतो. तोच प्लॅन आणि तीच माहिती असेल तर पानांची संख्या जवळपास तीच राहते. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. एस. सुदर्शन ज्याचे सहलेखक आहेत ते 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' हे पाठ्यपुस्तक आपल्याकडच्या अनेक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी चाळलेलं असतं. त्यातही क्वेरीचा खर्च किती ब्लॉक हलवले आणि डिस्कवर किती वेळा जागा शोधावी लागली यावरून मोजलेला आहे.

एक काल्पनिक टेबल घेऊ: ऑर्डर्स. त्यात १ कोटी ओळी आहेत. एका पानात साधारण ८० ओळी बसतात, म्हणजे १,२५,००० पानं, सुमारे १ गिगाबाइट. एका ग्राहकाच्या ऑर्डर शोधायच्या आहेत आणि ग्राहक क्रमांकावर इंडेक्स नाही. क्वेरीच्या आधी एक्स्प्लेन लिहून कंसात अ‍ॅनलाइझ आणि बफर्स हे पर्याय दिले तर, समांतर वर्कर बंद ठेवल्यास, प्लॅन साधारण असा येतो:

सीक्वेन्शियल स्कॅन, टेबल ऑर्डर्स (कॉस्ट=०..२,५०,००० रोज=१२) (अ‍ॅक्च्युअल टाइम=३.१..१,१४०.६ रोज=१२ लूप्स=१)
रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर: ९९,९९,९८८
बफर्स: शेअर्ड हिट=५,००० रीड=१,२०,०००

पहिल्या कंसातला कॉस्ट हा प्लॅनरचा अंदाज आहे. तो मिलिसेकंदांत नसतो. एक पान ओळीनं वाचायचा खर्च १ धरून बाकीचे खर्च त्या प्रमाणात ठरवलेले असतात. इथला हिशेब हातानंही करता येतो. १,२५,००० पानांचे १,२५,०००. शिवाय दर ओळीला ०.०१ आणि अट तपासायला ०.००२५, म्हणजे १ कोटी ओळींचे आणखी १,२५,०००. बेरीज २,५०,०००. प्लॅनर जादू करत नाही, बेरीज-गुणाकार करतो, हे एकदा स्वतः करून पाहिलं की प्लॅनची भीती जाते.

आता खालच्या दोन ओळी बघा. उत्तराच्या १२ ओळींसाठी ९९,९९,९८८ ओळी वाचून टाकून दिल्या आणि १,२५,००० पानं हाताळली. नवख्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं सर्वांत आधी हेच प्रमाण बघायला शिकावं: किती मेहनत घेतली आणि हाती किती लागलं. मायएसक्यूएलच्या स्लो क्वेरी लॉगमध्ये तपासलेल्या ओळी आणि पाठवलेल्या ओळी शेजारी-शेजारी दिलेल्या असतात, त्या याच कारणासाठी.

ग्राहक क्रमांकावर बी-ट्री इंडेक्स लावला की चित्र पालटतं. पुस्तकाच्या शेवटची सूची पाहून थेट हव्या त्या पानावर जावं तसं हे आहे. एवढ्या टेबलासाठी इंडेक्सचे साधारण ३ थर होतात. ३ पानं इंडेक्सची आणि १२ ऑर्डर बारा वेगळ्या पानांवर असल्या तरी टेबलाची १२, एकूण १५. कुठे सव्वा लाख आणि कुठे पंधरा! वेळ मिलिसेकंदाच्याही आत येतो.

पण इंडेक्स फुकट मिळत नाही. नवी ओळ टाकताना तिची नोंद प्रत्येक इंडेक्समध्ये करावी लागते. म्हणून वापरात नसलेले इंडेक्स अधूनमधून शोधावेत. पीजी-स्टॅट-यूझर-इंडेक्सेसमध्ये कोणता इंडेक्स किती वेळा वापरला गेला ते कळतं. चालू सिस्टिमवर नवा इंडेक्स बांधताना कॉन्करंटली हा शब्द जोडायला विसरू नका. तो नसेल तर इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलातले सगळे बदल थांबून राहतात.

एक इशारा इथेच द्यायला हवा. नुसतं एक्स्प्लेन फक्त प्लॅन दाखवतं. अ‍ॅनलाइझ जोडलं की क्वेरी खरोखर चालते. डिलीटचा प्लॅन बघायला गेलात तर ओळी खरंच उडतील. अशी क्वेरी आधी ट्रान्झॅक्शन उघडून चालवायची आणि बघून झालं की रोलबॅक करायचं. आणि शक्य असेल तेव्हा चालू डेटाबेसऐवजी त्याच्या प्रतीवर.

९९ टक्के हिट रेशोचा भुलावा

वरच्या प्लॅनमध्ये हिट म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएलच्या स्वतःच्या मेमरीत आधीच असलेली पानं आणि रीड म्हणजे बाहेरून मागवलेली. या मेमरीचा मूळ आकार १२८ मेगाबाइट असतो, म्हणजे १६,३८४ पानं. १ गिगाबाइटचं टेबल त्यात मावणार नाही हे उघड आहे. रीड म्हणजे प्रत्येक वेळी डिस्कच असंही नाही, कारण ते पान ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमध्येही सापडू शकतं. वाचनात खरोखर किती वेळ गेला हे बघायचं तर ट्रॅक-आयओ-टायमिंग चालू करावं लागतं. ते मुळात बंद असतं.

हिट आणि रीड यांच्या बेरजेत हिटचा वाटा किती, याला हिट रेशो म्हणतात, आणि "९९ टक्क्यांच्या वर हवा" हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अपुरा आहे. मेमरी पुरेशी वाढवली तर आपली सव्वा लाख पानांची क्वेरी सगळी पानं मेमरीतून वाचेल आणि रेशो चकचकीत दिसेल. तरीही तिचं काम पंधरा पानांच्या कामाच्या आठ हजार पटच राहील. डिस्कवरचा ताण सीपीयूवर सरकला, एवढंच घडलं. उलट ही वाईट क्वेरी सुधारली तर लाखो हिट एकदम नाहीसे होतात आणि रेशो खाली आलेला दिसू शकतो! ओरॅकलच्या जगात कॅरी मिल्सॅप यांनी ही गोष्ट ठासून मांडली. जेफ होल्ट यांच्यासोबतचं त्यांचं २००३ चं 'ऑप्टिमायझिंग ओरॅकल परफॉर्मन्स' हे पुस्तक रेशोंच्या मागे लागण्याऐवजी वापरणाऱ्याचा वेळ कुठे खर्च झाला ते शोधायला शिकवतं. हिट रेशो अचानक घसरला तर चौकशी जरूर करा, पण तो उंच आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

मेमरीबद्दलची आणखी एक खूण प्लॅनमध्ये मिळते. सॉर्टच्या ओळीत क्विकसॉर्ट आणि मेमरी असं दिसलं तर काम मेमरीत उरकलं. एक्स्टर्नल मर्ज आणि डिस्क असं दिसलं तर जागा पुरली नाही म्हणून तात्पुरत्या फाइली लिहाव्या लागल्या. ही जागा ठरवणाऱ्या वर्क-मेमचं मूळ मूल्य ४ मेगाबाइट आहे. ते सगळ्यांसाठी सरसकट वाढवायचा मोह आवरा. ही मर्यादा प्रत्येक सॉर्टला किंवा हॅशला स्वतंत्र लागू होते, आणि एकाच क्वेरीत अशी कामं अनेक असू शकतात. अडलेल्या रिपोर्टपुरती, त्याच्या सेशनमध्ये ती वाढवणं शहाणपणाचं.

अंदाज आणि प्रत्यक्ष

प्लॅनमध्ये ओळींची संख्या दोनदा येते: पहिल्या कंसात अंदाज, दुसऱ्यात प्रत्यक्ष. या दोन आकड्यांत दहापट-शंभरपट तफावत दिसली की वाट चुकल्याचं मूळ बहुधा तिथेच असतं.

समजा ४ लाख ग्राहकांपैकी पाव भाग महाराष्ट्रातले आणि विसावा भाग पुणे जिल्ह्यातले. राज्य महाराष्ट्र आणि जिल्हा पुणे अशा दोन्ही अटी दिल्या तर प्लॅनर दोन्ही वाटे गुणतो: ऐंशीवा भाग, ५,००० ग्राहक. पुणे महाराष्ट्रातच आहे हे त्याला ठाऊक नसतं. खरे ग्राहक २०,००० आहेत. आता या ग्राहकांच्या ऑर्डर काढायच्या आहेत. सर्व्हरला एसएसडी असल्यानं पान कुठूनही उचलायचा खर्च मूळच्या ४ ऐवजी १.१ ठेवलेला आहे. ५,००० ग्राहकांच्या हिशेबानं प्लॅनरला नेस्टेड लूप स्वस्त वाटतो आणि तो प्रत्येक ग्राहकासाठी ऑर्डर्सच्या इंडेक्समध्ये फेरी मारायचं ठरवतो. प्लॅनमध्ये आतली ओळ अशी दिसते:

इंडेक्स स्कॅन, टेबल ऑर्डर्स (अ‍ॅक्च्युअल टाइम=०.०१५..०.२०० रोज=२५ लूप्स=२०,०००)

नवखे इथे हमखास फसतात. ०.२०० मिलिसेकंद बघून नजर पुढे सरकते. पण ही वेळ एका फेरीची सरासरी आहे. ती २०,००० ने गुणायची, म्हणजे ४ सेकंद झाले. ओळीही २५ नसून ५ लाख आहेत. पानांचा हिशेब केला तर एका फेरीला ३ इंडेक्सची आणि २५ टेबलाची धरून २८, एकूण ५,६०,००० पानं. अख्खं टेबल एकदाच वाचून हॅश जॉइन केला असता तर ऑर्डर्सची १,२५,००० पानं पुरली असती.

उपाय प्लॅनरला खरी माहिती देण्याचा आहे. मोठा डेटा भरल्यावर अ‍ॅनलाइझ हा आदेश स्वतः चालवावा. ऑटोव्हॅक्यूम हे काम करतं, पण मुळातल्या सेटिंगमध्ये टेबलाचा साधारण दहावा भाग बदलल्यावर. आणि राज्य-जिल्हा यांसारख्या एकमेकांत गुंतलेल्या कॉलमसाठी २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स उपलब्ध आहे. त्यानं प्लॅनरला हे नातं कळतं आणि अंदाज जागेवर येतो.

काम कमी, वाट जास्त

आतापर्यंत कामाबद्दल बोललो. आता दुसरी बाजू. एक अपडेट एकच ओळ बदलतं, पाच-सहा पानं हाताळतं, सरासरी १ मिलिसेकंद घेतं. त्याचा कमाल वेळ मात्र ४० सेकंद दिसतो. पानं तेवढीच, प्लॅन तोच. म्हणजे हा वेळ कामात गेलेला नाही. क्वेरी कोणाची तरी वाट पाहत उभी होती.

हे घडत असतानाच पकडावं लागतं. पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये या क्षणी जोडलेलं प्रत्येक सेशन दिसतं, आणि २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून ते कशासाठी थांबलंय तेही दिसतं. वेट इव्हेंटच्या प्रकारात लॉक असेल तर दुसऱ्या ट्रान्झॅक्शननं अडवलंय, आयओ असेल तर डिस्कची वाट, क्लायंट असेल तर समोरच्या अ‍ॅप्लिकेशनची. सेशन अ‍ॅक्टिव्ह असून हा रकाना रिकामा असेल तर क्वेरी बहुधा खरोखर सीपीयूवर काम करतेय. काम की वाट, हा आपला मूळ प्रश्न इथे थेट सुटतो.

लॉक असेल तर पीजी-ब्लॉकिंग-पिड्स या फंक्शनला अडकलेल्या प्रोसेसचा क्रमांक द्या. अडवणाऱ्याचा क्रमांक ते सांगतं. तिथे अनेकदा 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेतलं सेशन सापडतं. कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडून ओळ बदलली आणि कमिट न करता तसंच सोडलं, किंवा अ‍ॅप्लिकेशननं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेरच्या एखाद्या सेवेच्या उत्तराची वाट पाहिली. ते सेशन स्वतः काहीच करत नसतं, सीपीयू शांत असतो, आणि तरी त्याच्यामागे रांग लागलेली असते. अशा प्रसंगी सर्व्हर मोठा करून काहीच मिळणार नाही. कामाशिवाय उघडी पडलेली ट्रान्झॅक्शन ठरावीक काळानं तोडणारं टाइमआउट लावणं आणि लॉकची वाट लॉगमध्ये उतरवणारं लॉग-लॉक-वेट्स चालू ठेवणं हे खरे उपाय.

गर्दीचं गणित

वेळ वाढला की गर्दी वाढते, आणि त्याचा नेमका हिशेब आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की यंत्रणेत सरासरी एका वेळी असलेली कामं म्हणजे कामं येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. सेकंदाला ५०० क्वेरी येतात आणि प्रत्येकीला २० मिलिसेकंद लागतात, तर एका वेळी सरासरी १० क्वेरी चालू असतात. येण्याचा वेग तोच राहून वेळ २०० मिलिसेकंद झाला की चालू क्वेरी १०० होतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये कनेक्शनची मूळ मर्यादा १०० आहे, आणि त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव. मग "टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी" हा संदेश येऊ लागतो.

हा संदेश दिसला की पहिली प्रतिक्रिया मर्यादा १०० ची ५०० करण्याची असते. गणित वेगळं सांगतं. माणसं वाढलेली नाहीत, क्वेरीचा वेळ दसपट झालाय. मर्यादा वाढवली तर तेवढ्याच सीपीयूवर आणखी क्वेरी झुंजतील आणि प्रत्येकीचा वेळ अजून वाढेल. कनेक्शनचा आकडा हे लक्षण आहे. वेळ का वाढला याचं उत्तर पुन्हा काम आणि वाट यांतच शोधायचं.

आपल्या सर्व्हरचा नेहमीचा दिवस

शेवटचा मुद्दा सगळ्यांत साधा आहे आणि सगळ्यांत जास्त टाळला जातो. ४० टक्के सीपीयू, सेकंदाला ८०० क्वेरी, १२० मिलिसेकंद पी-९९ हे चांगलं की वाईट? नुसत्या आकड्यावरून कोणीच सांगू शकत नाही. आपल्याच सर्व्हरचा मागच्या आठवड्यातला याच वाराचा, याच वेळेचा आकडा शेजारी असेल तरच सांगता येतं. महिनाअखेरीला हिशेबाचे रिपोर्ट चालतात तेव्हाची तुलना महिन्याच्या मधल्या दिवसाशी करून चालत नाही.

पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्समधले आकडे साठत जाणारे असतात, म्हणून त्यांची प्रत ठरावीक वेळानं वेगळ्या टेबलात ठेवा आणि दोन प्रतींमधली वजाबाकी बघा. दर तासाची प्रत सुरुवातीला पुरेशी आहे. रिसेट करून मोकळं होण्यापेक्षा वजाबाकी चांगली, कारण रिसेटनं जुना इतिहास पुसला जातो. बदल करताना एका वेळी एकच करा, आणि आधीची पानं, आधीचा एकूण वेळ, आधीचा पी-९९ लिहून ठेवा. बदलानंतर तेच आकडे पुन्हा घ्या. "आता बरं वाटतंय" हा पुरावा नाही. "सव्वा लाख पानांची पंधरा झाली" हा पुरावा आहे, आणि तो वरिष्ठांना, अ‍ॅप्लिकेशनच्या टीमला आणि सहा महिन्यांनी स्वतःलाही पटवता येतो.

मोठा सर्व्हर विकत घेणं कधीकधी खरंच गरजेचं असतं. पण ती शिफारस करण्याआधी वेळ कामात जातोय की वाट पाहण्यात, काम असेल तर किती पानांचं आणि किती ओळींसाठी, वाट असेल तर कोणाची, एवढं सांगता आलं पाहिजे. दुसऱ्यांचा पैसा आणि दुसऱ्यांचा वेळ आपल्या हाती असतो. तो अंदाजावर खर्च करायचा नसतो.

पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स लोड झालेलं नसेल तर येत्या मेंटेनन्सच्या वेळी पहिलं काम तेच करा. ज्या दिवसापासून ते चालू होतं त्या दिवसापासूनच हिशेब साठतो. गेलेल्या दिवसांचे आकडे नंतर कोणत्याही उपायानं मिळवता येत नाहीत, आणि नेमके तेच आकडे पुढच्या तक्रारीच्या वेळी हवे असतात.